ओझे कोणी बांधले?

इतिहासकारांनी चाकाची थोरवी पुष्कळ गायिली, घोड्याची आणि गलबताचीही गायिली. परंतु माणसाच्या पाठीची बखर लिहावी असे फारसे कोणाला वाटले नाही. वास्तविक चाकाआधी हजारो वर्षे माणूस हाच माणसाचे वाहन होता, आणि जेथे चाक पोचत नाही तेथे तो आजही आहे. मला सह्याद्रीतले गड हिंडण्याचा नाद आहे. अलीकडे मी आत सांगाडा नसलेली, अगदी हलकी अशी सॅक वापरतो. तिचे पट्टे आवळता-सैलावताना एक प्रश्न मनात घोळू लागला: ओझे शरीरावर नेमके कोठे ठेवावे, हे माणसाला कळले तरी केव्हा? त्याचा माग घेता घेता दुसरा, अधिक अवघड प्रश्न पुढे उभा राहिला.

पहिल्याचे उत्तर असे, की फार पूर्वीच कळले. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे शव सापडले. त्याच्याजवळ हेझलच्या फांदीची वाकवलेली कमान आणि लार्चच्या फळ्या मिळाल्या. काही जण त्यांना बर्फात चालण्याच्या पादत्राणांचे अवशेष मानतात. पण पाठीवर ओझे बांधण्याचा तो सांगाडा असावा, हेच मत अधिक रूढ आहे. आपली चुंबळ, आपली कावड, नेपाळी हमालाचा कपाळावरून घेतलेला नामलो, ही त्याच ज्ञानाची वेगवेगळी रूपे होत. तत्त्व एकच: भार पावलांच्या वर आला पाहिजे. तो मागे ओढू लागला की माणूस पुढे वाकतो, आणि मग ओझ्याबरोबर स्वतःचे वाकलेले धडही त्याला सावरावे लागते. १९८६ मध्ये केनियातील लुओ आणि किकुयू स्त्रियांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझे घेऊन चालताना त्यांना रिकाम्या चालण्याहून अधिक शक्ती खर्चावी लागत नव्हती. डोक्यावर हंडा आणि त्यावर कळशी घेऊन ताठ मानेने चालणारी आपल्याकडची बाई पाहिलेल्याला याचे नवल वाटू नये.

मग इतके जुने शहाणपण सैन्यांना का लाभले नाही? इसवी सनापूर्वी १०७ मध्ये कॉन्सल झालेल्या मारियसने रोमन शिपायाच्या अंगावर इतके सामान लादले, की लोक त्या शिपायांना ‘मारियसची खेचरे’ म्हणू लागले. पुढे एकोणिसाव्या शतकात पट्ट्यांनी शिपायाची छाती आवळली जाते, श्वास कोंडतो आणि हृदयाला अपाय होतो, हे ब्रिटिश सैन्याला वैद्यांकडून ऐकावे लागले. आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक एडमंड पार्क्स हे त्यांतले प्रमुख. त्यांचा ज्यात हात होता त्या १८७१ च्या नव्या रचनेत पिशवी पाठीवरून खाली, कंबरेशी आणली गेली. तरी १९५० मध्ये अमेरिकेच्या मार्शल या लष्करी लेखकाला शिपायाच्या ओझ्यावर पुन्हा एक पुस्तक लिहावे लागलेच. ओझ्याने दमलेल्या माणसाला भीती लवकर गाठते, असे त्याचे सांगणे. कारण उघड आहे. शिपायाने काय न्यावे याची यादी कचेरीत बसलेला माणूस करी, आणि ती यादी घेऊन चालणारा निराळाच असे.

जेथे बांधणारा आणि वाहणारा एकच होता, तेथील हकीकत पाहा. जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स हा क्षयाने पोखरलेला, किरकोळ अंगाचा अमेरिकन. १८८३ मध्ये तो अॅडिरॉन्डॅकच्या तळ्यांतून हिंडला तो अवघ्या साडेदहा पौंडांच्या होडीतून. कारण दोन तळ्यांच्या मधली वाट ती होडी त्याला स्वतःच्याच खांद्यावरून न्यावी लागे. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात डिक केल्टीने घरच्या गॅरेजमध्ये अॅल्युमिनियमच्या नळ्यांचे सांगाडे बनवायला घेतले. पिशव्या पत्नी शिवी. एका सहलीत सांगाड्याची टोके पाटलोणीच्या मागच्या खिशांत खोवताच खांदे हलके झाले, आणि त्यातून त्याचा कंबरपट्टा जन्मला, असे सांगतात. १९५५ मध्ये ६७ वर्षांच्या एमा गेटवूडबाई, अकरा मुलांची ही आई, घरी शिवलेली झोळी एका खांद्यावर टाकून दोन हजारांहून अधिक मैलांची अॅपलाशियन वाट एकट्या चालून गेल्या. १९९२ मध्ये रे जार्डिनने आपल्या पुस्तकात याच वृत्तीचे शास्त्र मांडले. अन्न, पाणी व इंधन वगळून उरलेले सामान दहा पौंडांच्या, म्हणजे साडेचार किलोंच्या आत असावे, अशी या पंथाची मर्यादा पुढे रूढ झाली.

अशा सॅकमध्ये सांगाडा नसतो, म्हणून सामानाची मांडणीच सांगाड्याचे काम करते. कॅरीमॅट घडी घालून पाठीच्या बाजूला सरकवावी. तीच कणा होते. पांघरूण व हलके कपडे तळाशी. शिधा आणि पाणी पाठीला अगदी लागून, खांद्याच्या फऱ्यांच्या मध्ये. अवघड उतार असेल तर थोडे खाली. डावे-उजवे वजन सारखे करावे. मग सारे पट्टे ढिले करून सॅक चढवावी. कंबरपट्टा पोटावर न बांधता कुल्ल्याच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसवावा, त्यानंतर खांद्याचे पट्टे सॅक पाठीला टेकेपर्यंतच ओढावेत. छातीचा पट्टा खोल श्वास मोकळा राहील इतकाच आवळावा. पार्क्सचा धडा येथे उपयोगी पडतो. ओझे फारच कमी असेल तर कंबरपट्टाही नको, असे जार्डिनचे मत. चालताना दर तासाला भार थोडा खांद्यावरून कंबरेवर, कंबरेवरून खांद्यावर द्यावा. कोठे काचते हे ज्याची पाठ त्यालाच कळते.

आणि येथेच तो दुसरा प्रश्न येतो. ज्याला काचते त्याला पट्टा सैल करण्याची मुभा आहे काय? २००५ मध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याकडे, नामचे बाजारला जाणाऱ्या हमालांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत स्वतःच्या वजनाहून अधिक भार नेणारे होते. ते सावकाश चालतात, वारंवार थांबतात, आणि इतक्या कमी शक्तीत इतके वाहतात की शास्त्रज्ञ थक्क झाले. कौतुक झाले, ओझे मात्र त्यांनी ठरवलेले नव्हते. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कामगारांसाठी कायदा केला. माथ्यावर ओझे घेतो तो माथाडी. मालकाशी थेट नाते नसलेल्या या माणसाला मजुरीची आणि कामाच्या अटींची हमी त्यामुळे प्रथमच मिळाली. गोणीचा आकार ठरवणारा आणि ती उचलणारा यांच्यामध्ये कायदा आणून उभा करावा लागला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

हल्ली आपल्यातली पुष्कळ मंडळी हिमालयात जातात आणि आपली सॅक किती हलकी आहे ते अभिमानाने सांगतात. मलाही तो अभिमान आहे. मात्र निघण्यापूर्वी एवढे पाहावे, की आपल्या सॅकमधून काढलेल्या वस्तू खरोखरच घरी राहिल्या आहेत, की हमालाच्या दोरीखाली जाऊन बसल्या आहेत.