मार्क फोर ते स्मार्ट हायब्रिड : पेडणे-डिचोलीतल्या ‘नव्या मॉडेल’ची गोष्ट

जत्रा, काला, दशावतार, खाणी, फेरीबोट, सगळ्यांवर आपल्याकडे बरंच लिहून झालं. टॅक्सीवर कुणी लिहीत नाही. टॅक्सीवाल्यांवर लिहितात, तेही संप असला की. म्हणून आज टॅक्सीवर, आणि त्यातल्याही एका बारक्या गोष्टीवर : कंपनी दर वर्षा-दोन वर्षांनी गाडीत थोडंसं काहीतरी बदलते, तेव्हा आमचा गाडीवाला काय म्हणतो? वाटेल की हा काय विषय आहे. ज्याची गाडी हप्त्यावर आहे त्याला विचारा.

जरा मागून येऊया. १९५५ च्या सुमारास भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि गोव्यात माल थेट परदेशातून येऊ लागला. खनिज निर्यातीचा पैसा हातात होता. त्यामुळे ओपेल, फोक्सवॅगन, मर्सिडीझ या गाड्या आपल्याकडे टॅक्सी म्हणूनसुद्धा फिरल्या. भारतात त्या काळी अशी चैन नव्हती. १९ डिसेंबर १९६१ नंतर भारताचे आयातीचे नियम इथेही लागू झाले. गाड्या राहिल्या, पार्ट येईनासे झाले. मग एकेक मर्सिडीझ मेस्ताच्या हुशारीवर चालायची. कुठला तरी ट्रकचा पार्ट घासून बसव, रबर कापून वॉशर कर. म्हणूनच आमच्या जुन्या ड्रायव्हर लोकांचा नव्या मॉडेलबद्दलचा पहिला प्रश्न कधी ‘दिसते कशी’ असा नव्हताच. प्रश्न असायचा, ‘‘नव्याचो पार्ट जुन्याक बसता?’’

अँबेसिडरच्या बाबतीत याचं उत्तर बहुतेक ‘होय’ असंच असे. मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनू लागली. १९६२ च्या सुमारास मार्क टू, १९७५ ला मार्क थ्री, १९७९ ला मार्क फोर. बदललं काय? तर मुख्यतः पुढची जाळी, दिवे, डॅशबोर्ड. आमच्या घरचे वडीलधारे हसून म्हणायचे, ‘‘बायलेन कुंकू बदललां, बायल तीच.’’ आज असं कुणी बोललं तर घरात जेवण मिळायचं नाही, पण तेव्हाची बोलायची रीत ती. या थट्टेत समाधानही होतं. गेल्या साली घेतलेली गाडी यंदा जुनी ठरत नसे. पेडण्याच्या बाजारात उभ्या असलेल्या दोन अँबेसिडरमध्ये दहा वर्षांचं अंतर असलं तरी गिऱ्हाईक दोन्हींत सारख्याच बेताने बसायचं. पुढे तिघे, मागे चौघे, आणि डिकीत नारळ.

आता थेट हायब्रिडवर येतो, कारण हल्लीच्या मुलांना वाटतं हायब्रिड म्हणजे काल-परवाची गोष्ट. आपल्याकडे ती टॅक्सीतून आली, आणि आली तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. मारुतीची एर्टिगा २०१२ साली बाजारात आली. सात माणसं बसतात, म्हणजे एक कुटुंब आणि त्यांच्या बॅगा, म्हणून किनारपट्टीच्या धंद्याला बरी. २०१५ च्या ऑक्टोबरात तिच्या डिझेल गाडीच्या पाठीवर चार इंग्रजी अक्षरं आली : एसएचव्हीएस. म्हणजे ‘स्मार्ट हायब्रिड व्हेइकल बाय सुझुकी’. यात बॅटरीवर गाडी धावत नाही. गाडी न्यूट्रलला उभी राहिली की इंजिन आपोआप बंद होतं, क्लच दाबला की चालू होतं. ब्रेक मारताना थोडी वीज साठते आणि गती घेताना ती इंजिनाला हातभार लावते. एवढंच.

यावर आमच्याकडची प्रतिक्रिया काय होती? शिवोली-चोपड्याच्या फेरीच्या जमान्यात गाड्या चालवलेले म्हणाले, ‘‘हें आमी हातान करताले.’’ खरंच होतं. फेरीची वाट बघत रांगेत उभं राहिलं की चावी बंद. डिझेल वाचवायला कंपनीने शिकवावं लागत नव्हतं.

खरी कटकट एसीची. इंजिन बंद पडलं की एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, नुसता पंखा चालतो. मे महिन्यात म्हापशाच्या सिग्नलला मागे बसलेला पाहुणा लगेच विचारणार, ‘‘भैया, एसी क्यों बंद किया?’’ त्याला वाटतं ड्रायव्हर पैसे वाचवतोय. गाडी हायब्रिड आहे हे त्याला कोण समजावणार? म्हणून बहुतेकांनी एक सवय लावून घेतली. सकाळी गाडी चालू केली, देवाला हात जोडले, की डॅशबोर्डवरचं ते बटण दाबून आपोआप बंद होण्याची सोय बंद करायची. प्रत्येक वेळी दाबावं लागतं, गाडी ते लक्षात ठेवत नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी गाडीला हायब्रिड म्हणायचं, तिचा अर्धा भाग रोज सकाळी आमच्याच हाताने झोपी जायचा!

मग लोक ती घेत का होते? कागदासाठी. केंद्राच्या फेम योजनेत या गाडीला १३,००० रुपयांची सवलत होती, शिवाय हायब्रिड म्हणून अबकारी कर कमी. १ एप्रिल २०१७ पासून अशा सौम्य हायब्रिडची सवलत काढली. लगेच १ जुलैला जीएसटी आला आणि हायब्रिड गाड्यांवर सेस धरून ४३ टक्के कर बसला. गाडीचा एक स्क्रूसुद्धा बदलला नाही आणि किंमत लाखाच्या आसपास वाढली. माझ्या मते या गाडीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल तो हाच. जूनमध्ये गाडी उचलली ते स्वतःला हुशार समजू लागले. चतुर्थीला घेऊ म्हणून थांबलेले मनातल्या मनात बोलत बसले. एका वर्षाची, एकाच रंगाची, एकाच गावातली दोन गाडी, आणि दोन घरांच्या हप्त्यात इतका फरक.

डिचोलीकडे हे आणखी जाणवलं. २०१२ साली खाणी बंद पडल्या. मधे थोड्या सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ज्यांचं घर टिपर ट्रकांवर चालत होतं त्यांच्यातल्या काहींनी ट्रक मिळेल त्या भावाला विकून टॅक्सी घेतली. ट्रकवाल्याची नजर वेगळी असते. तो बंपर बघत नाही, पुढचा माणूस काय भाव देईल ते बघतो. २०१८ च्या नोव्हेंबरात एर्टिगाचा साचाच बदलला. गाडी मोठी झाली, पेट्रोललाही हायब्रिड आलं आणि पुढच्या सीटखाली लिथियमची छोटी दुसरी बॅटरी आली. तेव्हा साखळीच्या एका माणसाने विचारलेला प्रश्न माझ्या लक्षात राहिलाय : ‘‘वाळवंटीचं पाणी गाडीत शिरलं तर ही सीटखालची बॅटरी कोण बदलून देणार, आणि केवढ्याला?’’ ज्याच्या दारात पावसाळ्यात नदी येते, त्याने दुसरं काय विचारायचं?

त्याच वर्षी जानेवारीत वेगनियंत्रकाच्या सक्तीविरोधात टॅक्सींचा संप झाला होता, आठवत असेल. त्याचा संबंध पुढे लागला. २०२२ च्या एप्रिलमध्ये नवं इंजिन आलं, जाळी बदलली, ऑटोमॅटिकला चारच्या जागी सहा गिअर आले. ताकद मात्र १०५ वरून १०३ झाली. शहरातल्या हौशी मालकांनी या दोन अश्वशक्तींसाठी केवढा शोक केला! आमच्या स्टँडवर कुणी ढुंकून पाहिलं नाही. ‘‘८० च्या वर पळपाक दिनात, १०३ कित्याक जाय?’’ त्यांचं लक्ष होतं लिटरला २०.५१ किलोमीटर या छापील आकड्यावर. तोही अर्धाच खरा मानायचा हे सगळ्यांना ठाऊक.

पण मधलं एक वर्ष मी घाईने ओलांडणार नाही. ३१ मार्च २०२० नंतर बीएस-फोर गाड्या विकायला बंदी आली आणि मारुतीने डिझेल बनवणंच सोडलं. ‘शेवटची डिझेल’ म्हणून काहींनी त्या दोन-तीन महिन्यांत धडपडून गाडी घेतली. डिझेल म्हणजे टॅक्सीचा प्राण अशी समजूत होती. गाडी दारात आली, नंबर पडला, पूजा झाली, आणि लॉकडाऊन. विमानं नाहीत, हॉटेलं बंद, हरमल-मोरजीला कुत्रं फिरत नव्हतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, व्याज मात्र चढतच होतं. ताडपत्रीखाली उभी ती नवी गाडी आठवते. घरची म्हातारी रोज सकाळी तिच्यावर फूल ठेवायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं की फूल ठेवून बॅटरी उतरायची राहत नाही. मुलगा दर दोन-तीन दिवसांनी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचा आणि आत नुसता बसून राहायचा.

मोपचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाला आणि पेडण्यात परत गाड्या घेण्याची लाट आली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या काउंटरसाठी मोर्चे निघाले, ते सगळ्यांनी पाहिलंय. आता पाहुणा मोबाईलवर गाडीचा फोटो बघून येतो. जुनी जाळी की नवी, हे त्याला कळतं. अँबेसिडरच्या वेळी कळत असूनही फरक पडत नव्हता.

२०२५ च्या जुलैत याच गाडीत सहा एअरबॅग सगळ्या प्रकारांना आल्या. यावर मात्र कुणी थट्टा केली नाही. धारगळच्या बाजूला महामार्गावर रोज जाणाऱ्याला ती करवत नाही. फक्त एक जण हळूच म्हणाला, ‘‘आमच्या गाडीत दोन. वर्षभर आधी घेतली ना.’’ त्याच्या हप्त्याची अजून चार वर्षं राहिली आहेत.

कुणाकडे मुक्तीपूर्वीच्या मर्सिडीझ टॅक्सीचा फोटो असेल, पेडणे किंवा डिचोली बाजारातला, तर कमेंटमध्ये टाका. गाडीचं तोंड दिसेल असा. मॉडेल ओळखायला बरं.