खान्देशात रविवार कसा आला

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांची रविवारची सुट्टी मान्य केली. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी ही मागणी १८८४ पासून लावून धरली होती. १८९० च्या २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, तेव्हा कुठे मालक हलले. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या पारशांनी व्हर्नन यांच्या इंग्लिश क्रिकेट संघाला हरवलं होतं आणि एप्रिलमध्ये इंग्लंडचे माजी कर्णधार लॉर्ड हॅरिस गव्हर्नर म्हणून मुंबईत उतरले होते. क्रिकेटच्या इतिहासात पारशांचा विजय सापडतो, हॅरिस तर पानोपानी सापडतात. लोखंडे कुठेच नसतात. पण जळगाव-धुळ्याकडच्या गावांत रविवारी सकाळी जे सामने रंगतात, त्यांची हकीकत सांगायची तर सुरुवात लोखंड्यांपासूनच करावी लागते.

कारण खेड्यात रविवार नव्हताच. गावाची सुट्टी बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी सालदार-मजुरांची हप्त्याची मजुरी हातात पडायची, तेल-मीठ-मिरची घरी यायची आणि शेतातलं काम थंड असायचं. अमावस्येला बैल जुंपायचे नाहीत, हा रिवाजही अनेक ठिकाणी पाळला जाई. पोळा, आखाजी, गावची यात्रा हे वर्षाचे मोकळे दिवस. त्या दिवसांचे खेळही ठरलेले होते: यात्रेत कुस्तीची दंगल, रिकाम्या खळ्यावर विटीदांडू, चांदण्या रात्री हुतूतू आणि आट्यापाट्या. बाजाराचा दिवस प्रत्येक मोठ्या गावाचा वेगळा. त्यामुळे एका गावाची पोरं मोकळी असत, तेव्हा शेजारच्या गावची कामावर असत. दहा-बारा गावांनी आठवड्याच्या एकाच दिवशी एकमेकांशी खेळायचं, तर आधी तो एक दिवस सगळ्यांचा व्हायला हवा होता.

तो दिवस खान्देशात आला कापसामुळे. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले, त्याच सुमाराला जीआयपी रेल्वे खान्देशातून पुढे सरकत होती. भुसावळला नागपूरचा आणि जबलपूरचा असे दोन फाटे फुटले आणि एका साध्या गावाचं जंक्शन झालं. १८७० च्या दशकात जळगावात खान्देश मिल उभी राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमळनेरला प्रताप शेठजींची मिल आली. पुढे धुळे आणि चाळीसगावातही भोंगे वाजू लागले. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याची सुट्टी मुंबईबाहेरच्या कारखान्यांनाही लागू झाली. मिलमध्ये लागलेला माणूस आजूबाजूच्या खेड्यातलाच असे. सुट्टीला तो गावी यायचा, आणि त्याच्याबरोबर रविवार गावात यायचा.

रेल्वेचा वाटा याहून थेट आहे. रेल्वेच्या मोठ्या वसाहतीत साहेब लोकांसाठी इन्स्टिट्यूट, टेनिस कोर्ट आणि मैदान असायचंच. भुसावळसारख्या गावात ड्रायव्हर, गार्ड, फोरमन यांच्यात युरोपियन, अँग्लो-इंडियन, पारशी होते. कुंपणाबाहेरून चेंडू आणून देणारी पोरं आधी बघून शिकली, मग संधी मिळाली तेव्हा खेळून. पुण्यातही हेच घडलं होतं. पळवणकर बाळू हा चर्मकार घरातला मुलगा पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात चार रुपये महिन्यावर खेळपट्टीची निगा राखायचा, सरावाला गोलंदाजी टाकायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. हिंदूंच्या संघात त्याला घेतलं, तेव्हा मैदानावर त्याचा चेंडू सगळे हाताळत, पण चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे.

ही गोष्ट गावच्या क्रिकेटलाही लागू आहे, म्हणून इथे सांगावी लागते. गावात पाणवठे वेगळे होते, वस्त्या वेगळ्या होत्या. पण दीड-दोन हजार वस्तीच्या गावातून अकरा धड खेळाडू उभे करायचे तर एका आळीत ते मिळत नाहीत. ज्याला जोरात टाकता येतं तो कोणत्याही घरातला असला तरी त्याला बोलवावंच लागतं. क्रिकेटने जात मोडली असं कोणी म्हणू नये. सामना संपल्यावर पोरं आपापल्या वाटेनेच घरी जात. तरीही आठवड्यातून एक सकाळ, एका बाजूने, एकमेकांच्या नावाने ओरडत खेळणं ही गोष्ट लहान नव्हती. कुस्तीत हा प्रश्न येत नाही, तिथे पैलवान एकटाच लढतो.

जिल्ह्याचं रीतसर क्रिकेट वेगळ्या वाटेने वाढलं. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, जळगाव आणि धुळे ही त्यांची ठाणी. १९३४-३५ मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली आणि महाराष्ट्राचा संघ पहिल्याच हंगामापासून त्यात उतरला. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असं सलग दोनदा विजेतेपद मिळवलं. खान्देश आजही त्याच महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या छत्राखाली येतो. १९४५ मध्ये जळगावला मूळजी जेठा आणि अमळनेरला प्रताप कॉलेज निघालं, तेव्हा खेड्यातल्या मुलाच्या हातात पहिल्यांदा लेदरचा चेंडू आणि पॅड पडण्याची सोय झाली. पण हे सामान गावी नेण्यासारखं नव्हतं. एका किटच्या किमतीत बियाणं येत होतं.

गावाने स्वतःचं सामान केलं. चिंध्या घट्ट गुंडाळून वर सुतळीची जाळी विणलेला चेंडू, धुण्याची मोगरी किंवा गावच्या सुताराने तासून दिलेली फळी, आणि स्टंपांच्या जागी शेतातल्या पऱ्हाट्या. नंतर रबरी चेंडू आला आणि त्याच्यामागून टेनिसचा. या टेनिस बॉलनेच गावचं क्रिकेट खऱ्या अर्थाने उभं केलं, असं म्हटलं तर वावगं होणार नाही. त्याला पॅड लागत नाहीत, हेल्मेट लागत नाही, हिरवळ लागत नाही. वर्गणी काढून दोन चेंडू आणले की रविवार निघतो.

खेळपट्टीची तेवढी मेहनत असते, आणि ती खान्देशच्या काळ्या मातीत सोपी नाही. ही माती पाणी प्याली की फुगते, वाळली की तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून आदल्या दिवशी पोरं ढेकळं फोडतात, भेगांत बारीक माती भरतात, वरून मुरमाचा हात देतात, पाणी शिंपडतात. रात्रभर ती पट्टी मुरू देतात आणि पहाटे तिच्यावरून रोलर फिरवतात. रोलर म्हणजे बहुतेक वेळा पाणी भरून तोंड बंद केलेला लोखंडी ड्रम. तो नसेल तर ट्रॅक्टरचं चाक. टप्पा पडेल तिथली माती अंगठ्याने दाबून बघणारा एक जाणता प्रत्येक गावात असतो. अंगठा उमटला नाही, की चुन्याची फक्की मारायला घेतात.

हंगाम पिकावर चालतो. ज्वारी-बाजरी निघाली, कपाशीची वेचणी संपून पऱ्हाट्या उपटल्या, की शिंदखेडा-साक्रीकडची कोरडवाहू शेतं मृगापर्यंत मोकळी. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात मात्र शेत रिकामं होतच नाही. तिथे सामने शाळेच्या मैदानावर, गावठाणात किंवा नदीच्या पात्रात. जळगाव-भुसावळचा पारा एप्रिल-मेमध्ये पंचेचाळिशीला टेकतो, म्हणून नाणेफेक सातच्या आत.

खेळाची भाषा वर्तमानपत्राने आणि रेडिओने दिली. वि. वि. करमरकरांनी मराठी दैनिकात खेळाचं पान उभं केलं, बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत धावतं वर्णन ऐकवलं. १९७१ मध्ये अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये जिंकला, तेव्हा पारावरच्या एका ट्रान्झिस्टरभोवती गाव बसे. गावोगावच्या सामन्यांतला माइकवाला त्याच परंपरेतला. सुरुवात तो पुस्तकी मराठीत करतो, मध्ये हिंदीवर जातो आणि शेवटच्या षटकात सरळ अहिराणीवर येतो: ‘पय रे भाऊ, पय!’

नियमही गावाचेच. षटकं सहा, आठ किंवा दहा. पायचीत नाही, कारण पंच बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघाचाच असतो. हात वाकवून फेकला तर ‘भट्टा’ म्हणून ओरडा होतो. एक खेळाडू कमी पडला तर दोन्ही बाजूंनी खेळणारा ‘कॉमन’ घेतात. १९८३ च्या विश्वचषकानंतर आणि पुढे घरोघरी टीव्ही आल्यावर स्पर्धांना नावं आणि चषक लागले: आमदार चषक, सरपंच चषक, गावातल्या दिवंगत माणसाच्या स्मरणार्थ चषक. प्रवेश फीची पावती फाडायची, बाद पद्धतीने चार-पाच दिवसांत विजेता. आता प्रकाशझोतातले सामने होतात. २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची आयएसपीएल सुरू झाली आणि गावातल्या फटकेबाजाला पैशाची एक वाट दिसली.

पण रविवारची साखळी, म्हणजे आसपासच्या गावांनी दर रविवारी आळीपाळीने एकमेकांशी खेळायचे सामने, ही बाद स्पर्धा नव्हे. साखळीत हरलेला संघही पुढच्या रविवारी खेळतो. पाचवीला असलेला मुलगा सीमारेषेवर उभा राहून दोन वर्षांत संघात येतो, चाळिशीतला एसटीचा कंडक्टर यष्टीमागे उभा राहतो. चषकाच्या स्पर्धेत बाहेरून पैसे देऊन आणलेले दोघे-तिघे खेळतात आणि गावची पोरं चेंडू आणायला धावतात. बक्षिसाची रक्कम वाढली, तशी ही अदलाबदल वाढत गेली आणि ते वाईट झालं. साखळी टिकवायला पैसा कमी लागतो, जागा मात्र कायमची लागते. गायरानावर अतिक्रमण झालेलं, नदीपात्रातली वाळू उपसून खड्डे पडलेले, शाळेच्या मैदानावर नव्या खोल्या बांधलेल्या, अशा गावांत रविवार आहे, पोरं आहेत, चेंडू आहे, जागा तेवढी नाही. बावीस यार्डांची पट्टी आखायला ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. जिथे पोरांनी ग्रामसभेत उभं राहून तो करून घेतला, तिथे साखळी चालू आहे.