कॅमेरा बदलतो, भिंग राहतं : कमी पैशातल्या चलचित्रणाचा इतिहास

आज आपण बाजारातला एक प्रश्न इतिहासाच्या बाजूने पाहणार आहोत. प्रश्न साधा आहे. खिशात पैसे बेताचे आहेत, लेन्स बदलता येईल असा कॅमेरा घ्यायचा आहे, आणि त्यावर मुख्यतः व्हिडिओ करायचा आहे. मग पैसे घालायचे कशात?

रत्नागिरीत हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. शिमग्यातली पालखी, रात्रभर चालणारं नमन, जाखडी यांचं चित्रण बाहेरून कोणी येऊन करील याची वाट आपण किती बघायची? उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण सड्यावर कोणत्या ऋतूत, कोणत्या उन्हात त्या रेषा नीट दिसतात हे माहीत असतं गावातल्या माणसांना. तेव्हा कॅमेरा गावातल्याच पोरांच्या हातात पाहिजे. त्यांनी वर्गणी काढून चुकीची वस्तू घेतली, तर ती कपाटात पडते आणि काम राहून जातं. म्हणून आपल्या आधीच्या लोकांनी कमी पैशात काय निवडलं ते आधी पाहू.

सुरुवात मुंबईपासून करू, पण धागा आपल्या जिल्ह्याचा आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलचित्रं दाखवली गेली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी लंडनहून एक रायली कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी. गिनी म्हणजे २१ शिलिंग, आणि पौंडाला १५ रुपये हा त्या काळचा भाव धरला, तर साधारण ३३० रुपये होतात. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. पुढे डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून सीनिअर रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ परांजपे यांचं मुंबईतलं स्वागतही त्यांनी टिपलं. हे परांजपे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. भारतातल्या पहिल्या वार्ताचित्रांपैकी एकाचा नायक आपल्या जिल्ह्यातला आहे, हे आपण फारसं सांगत नाही.

आता यातली खर्चाची बाजू बघा. कुस्तीची फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली. म्हणजे कॅमेरा एकदाच विकत घ्यायचा, पण त्याला चालता ठेवण्याचा खर्च प्रत्येक वेळी नव्याने. आज फिल्मच्या जागी मेमरी कार्ड, जादा बॅटरी, हार्ड डिस्क आली. नावं बदलली, हिशोब तोच राहिला.

दुसरं उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले आणि दोन महिन्यांत परतले. तिथे त्यांनी विल्यमसन कॅमेरा पसंत केला, किंमत ५० पौंड, म्हणजे सुमारे ७५० रुपये. या सगळ्या उद्योगासाठी त्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून दहा हजारांचं कर्ज उभं केलं होतं. म्हणजे कॅमेऱ्याला गेला कर्जाचा दहावा हिस्सासुद्धा नाही. बाकीचा पैसा लागला प्रवासाला, फिल्मला भोकं पाडणाऱ्या यंत्राला, कच्च्या फिल्मला आणि शिकण्याला. परत आल्यावर पहिलं काम केलं ते वाटाण्याच्या रोपाचं. बी रुजून वेल होईपर्यंतचा महिनाभराचा काळ त्यांनी थोडा थोडा टिपून मिनिटाभरात बसवला आणि तो तुकडा दाखवून पुढचं भांडवल मिळवलं. ३ मे १९१३ ला कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला त्यामागे हा वाटाणा आहे, बरं का. असलेल्या कॅमेऱ्याचा सराव आधी, मोठी उडी नंतर.

तिसरं उदाहरण घाटावरचं, पण आपल्याला जवळचं, कोल्हापूरचं. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी सिनेमाचा ध्यास घेतला, पण विलायती कॅमेरा परवडेना. म्हणून त्यांनी तो स्वतःच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने काम पुरं केलं आणि १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात घडलेला कॅमेरा चालू झाला. त्याच्यावरच महाराष्ट्र फिल्म कंपनीची ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आली.

यातून एक गोष्ट उघड होते. कॅमेऱ्याची पेटी, दातेरी चाकं, फिल्म पुढे सरकवणारी यंत्रणा हे चांगल्या कारागिराच्या हातचं काम आहे. भिंग तसं नाही. विशिष्ट काच ओतायची, ठरलेल्या वक्रतेला घासायची, एकापुढे एक अशी तीन-चार भिंगं अचूक बसवायची, हे वेगळंच शास्त्र आहे. इंग्लंडमध्ये टेलरने १८९३ मध्ये तीन भिंगांची रचना काढली, जर्मनीत झाइसची चार भिंगांची टेसार १९०२ मध्ये आली. त्यांचे वंशज आजही वापरात आहेत. त्या काळच्या कॅमेऱ्यांच्या पेट्या मात्र संग्रहालयात गेल्या.

आणि भिंगाने काय होतं, हे मराठी माणसानेच दाखवलं. १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये शांतारामबापूंनी राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा डोळा पडदाभर दाखवला. दूरचं जवळ आणणारं टेलिफोटो भिंग भारतीय चित्रपटात प्रथम इथे वापरलं, असं चित्रपटाच्या इतिहासात नेहमी नोंदवलं जातं. नट तोच राहिला, स्टुडिओही तोच. भिंग बदललं आणि प्रेक्षकाच्या अंगावर काटा आला.

यानंतर लेन्स बदलणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं ते १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांमुळे. स्वित्झर्लंडचा बोलेक्स एच१६ हा १९३५ चा कॅमेरा. पुढे फिरती चकती, तिच्यावर तीन लेन्स. चकती फिरवली की लेन्स बदलली. पण १०० फुटांचं रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने पावणेतीन मिनिटांत संपायचं. म्हणून माणूस बटण दाबण्याआधी दहादा विचार करायचा. ही सवय फुकट मिळत असेल तर अजूनही घ्यावी.

आता आपण २००८ सालावर येऊ, कारण आजचा बाजार त्या वर्षी घडला. ऑगस्टमध्ये निकॉनचा डी९० आला. फोटोच्या एसएलआर कॅमेऱ्यात व्हिडिओची सोय पहिल्यांदा त्यात आली. पाठोपाठ सप्टेंबरात कॅननने ५डी मार्क टू जाहीर केला. त्याचा सेन्सर ३५ मिलिमीटर फोटोफिल्मएवढा, आणि व्हिडिओ पूर्ण हाय डेफिनिशन. जे चित्र मिळवायला आधी लाखोंची सामग्री लागायची, ते फोटोवाल्याच्या बॅगेत आलं. अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅनले का डब्बा’ (२०११) कॅननच्या ७डीवर चित्रित झाला. मुलांच्या समोर मोठा कॅमेरा उभाच राहिला नाही.

पण या कॅमेऱ्यांत खोट होती, आणि ती आपल्याकडे जास्त टोचायची. ५डी मार्क टू सुरुवातीला सेकंदाला फक्त ३० चौकटी घ्यायचा. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. ३० चौकटी आणि १/६० शटर ठेवलं की चित्रात काळसर पट्टे सरकतात. २५ चौकटी आणि १/५० ठेवलं की पट्टे जातात. त्या कॅमेऱ्यात २५ ची सोय मार्च २०१० मध्ये आली. आज जुना कॅमेरा घेताना पहिली तपासणी हीच : यात २५ चौकटी आहेत का? नसतील तर मंडपातल्या दिव्यांखाली तो रडवणार.

दुसरी खोट अशी, की पहिले काही महिने व्हिडिओ घेताना उजेडाचं नियंत्रण कॅमेरा स्वतःच करायचा. लोकांनी उपाय काय काढला? निकॉनच्या जुन्या लेन्स, ज्यांच्यावर ॲपर्चरची कडी हाताने फिरते, त्या अडॅप्टर लावून कॅननवर चढवल्या. निकॉनच्या माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर, कॅननचं ४४. मधल्या अडीच मिलिमीटरात अडॅप्टरची चकती बसते. म्हणजे सर्वांत नव्या कॅमेऱ्याची अडचण दुरुस्त केली ती १९५९ पासून चालत आलेल्या माउंटच्या लेन्सने.

हे अंतर एवढं का असायचं? कारण फोटोच्या एसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा असतो, त्याला हलायला जागा लागते. पण व्हिडिओ घेताना तो आरसा वर उचललेलाच राहतो. म्हणजे व्हिडिओवाल्यासाठी ती जागा वाया. २००८ मध्येच पॅनासॉनिक आणि ऑलिंपसने आरसा काढून टाकला आणि मायक्रो फोर थर्ड्स माउंट आणला, अंतर १९.२५ मिलिमीटर. सोनीचा ई माउंट २०१० चा, १८ मिलिमीटर. कॅननचा आरएफ २०१८ चा, २०. अंतर कमी झालं तशी मध्ये अडॅप्टर बसवायला जागा झाली, आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या बहुतेक जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालू लागल्या. फोकस हाताने करावा लागतो, एवढंच. आमच्या मते गरिबाच्या बाजूने झालेली ही सगळ्यात मोठी घटना आहे, आणि जाहिरातीत तिचं नाव नसतं.

मग आज रत्नागिरीत काय घ्यावं? मॉडेलची यादी दर वर्षी जुनी होते, म्हणून आम्ही क्रम सांगतो.

आधी माउंट ठरवा, कॅमेरा नंतर. ज्या माउंटच्या लेन्स जुन्या बाजारात भरपूर मिळतात तो घ्या. मग कामाप्रमाणे लेन्स. नमन रात्रीचं असतं, तिथे एफ/१.८ ची एक साधी स्थिर लेन्स महागड्या झूमपेक्षा जास्त उपयोगी. एफ/३.५ च्या तुलनेत ती जवळजवळ चौपट उजेड आत घेते. कातळशिल्पांना रुंद लेन्स पाहिजे, आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन. दुपारी बाराला रेषा दिसतच नाहीत.

सेन्सरचा हिशोबही करा. ५० मिलिमीटरची लेन्स एपीएस-सी सेन्सरवर ७५ ते ८० सारखी बघते, मायक्रो फोर थर्ड्सवर १०० सारखी. अंगणात उभं राहून अख्खा खेळ चौकटीत बसवायचा तर तिथे १५ ते २५ मधलं काहीतरी लागेल. आणि ‘फोर के’ या शब्दावर भाळू नका. कॅननच्या एम५० मध्ये (२०१८) फोर के आहे, पण ते लावलं की चित्र आणखी कापलं जातं आणि त्या कॅमेऱ्याचा चांगला ऑटोफोकस बंद पडतो. सोनीच्या झेडव्ही-ई१० मध्ये (२०२१) बॉडीत सेन्सर सावरण्याची सोय नाही. पालखीबरोबर चालत चित्रण करणाऱ्याला हे आधी माहीत असावं. पॅनासॉनिकच्या जी८५ मध्ये (२०१६) ती आहे, शिंतोड्यांपासून बचावही आहे. पण त्याचा ऑटोफोकस व्हिडिओत चाचपडतो. प्रत्येक स्वस्त वस्तूत कुठेतरी काटछाट असतेच. ती आपल्या कामाच्या आड येणार आहे का, एवढं पाहायचं.

आणि शेवटी पाऊस. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. कोकणात लेन्सचा खरा शत्रू दमट हवा. जुनी लेन्स घेताना ती उजेडाकडे धरा, मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, सोडून द्या. घेतलेली लेन्स चामड्याच्या पाकिटात ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात सिलिका जेल, जमल्यास आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. ही थोडक्या पैशांची तजवीज हजारोंची लेन्स वाचवते.

सावेदादांचा कॅमेरा, फाळक्यांचा, पेंटरांचा, तिन्ही आपापल्या काळात सर्वोत्तम नव्हते. ते परवडणारे होते, आणि ते हातात घेणाऱ्याला काय टिपायचं हे ठाऊक होतं. तेव्हा बॉडीवर सगळे पैसे उडवू नका. एक चांगली लेन्स, एक साधा माइक, एक तिवई आणि येत्या शिमग्यासाठी भरलेल्या बॅटऱ्या, इतकी तयारी झाली की कामाला लागा. ज्यांना नमनाची जुनी सोंगं पाठ आहेत ती माणसं नव्या मॉडेलची वाट बघत थांबणार नाहीत.

आता तुमचे प्रश्न घेऊ.