अपराधशोधक आणि कुटुंबप्रमुख

एखाद्या नटाची एकच भूमिका इतकी लोकप्रिय व्हावी कीं, तिच्यापुढें त्याचें इतर सारें काम लोकांनीं विसरावें, हें त्याचें भाग्य कीं दुर्भाग्य? बॅसिल रॅथबोन या ब्रिटिश नटानें १९३९ ते १९४६ या काळांत चौदा चित्रपटांतून शेरलॉक होम्स रंगविला. शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेला हा नट अखेर त्या भूमिकेस कंटाळून रंगभूमीवर परतला. १९४८ सालीं 'द एअरेस' या नाटकांतील कठोर पित्याच्या भूमिकेबद्दल त्यास टोनी पारितोषिकही मिळालें. तरी लोकांच्या लेखीं तो होम्सच राहिला.

आपल्याकडे हाच प्रश्न शिवाजी साटम यांच्या चरित्रांत उभा राहतो. १९५० सालीं जन्मलेले साटम मूळचे बँकेंतील रोखपाल. आंतरबँक नाट्यस्पर्धेंत बाळ धुरी यांनीं त्यांना हेरलें व 'संगीत वरद' नाटकांत संधि दिली. पुढें बी. पी. सिंग यांच्या 'एक शून्य शून्य' या मराठी मालिकेंत ते पोलीस अधिकारी झाले. आणि १९९८ च्या जानेवारींत सुरू झालेल्या 'सी. आय. डी.' मधील एसीपी प्रद्युम्न यांची भूमिका तर त्यांनीं २०१८ पर्यंत वठविली. २००४ सालीं या मालिकेचा १११ मिनिटांचा एक भाग कॅमेरा मध्यें न थांबवितां चित्रित झाला. रंगभूमीवरील शिस्त तेथें कामास आली असली पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्यें मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हांही प्रद्युम्न साटमच होते.

होम्स एकाकी, विक्षिप्त, सरकारी पोलिसांस लाजविणारा. प्रद्युम्न स्वतः सरकारी नोकर. त्यांचें बळ एकट्याच्या तर्कांत नसून हाताखालच्या माणसांवरील धाकांत व मायेंत आहे. मुंबईपासून दूर, वाशीम-कारंज्याकडील घरांतूनही ते परके वाटले नाहींत, याचें कारण हेंच. आमच्या प्रेक्षकांनीं त्यांत अपराधशोधकापेक्षां कुटुंबप्रमुख पाहिला.

'वास्तव' (१९९९) मधील गुन्हेगार पुत्राचा हताश बाप, 'दे धक्का' (२००८) मधील आजोबा, 'उत्तरायण' मधील उतारवयांत जुन्या मैत्रिणीस पुन्हा भेटणारा गृहस्थ, हीं त्याच वडीलधाऱ्या माणसाचीं निरनिराळीं रूपें होत. लोकप्रियतेची किंमत साटम यांनींही मोजली. त्यांची बोटें फिरविण्याची लकब थट्टेचा विषय झाली आणि 'उत्तरायण' मधील संयत अभिनयाची चर्चा त्या मानानें थोडीच झाली. परंतु जो पिता रॅथबोनला होम्स टाकून शोधावा लागला, तो साटम यांना अपराधशोधकांतच सांपडला. हें भाग्य लहान नव्हे.