खेळाडूंचा निषेध आणि लीगची भूमिका : एकट्याचा लढा, संघटितांचा लढा

व्यावसायिक खेळाडूने अन्यायाविरुद्ध बोलावे की नुसते खेळावे, हा वाद आपल्याकडेही होतो. प्रश्न केवळ खेळाडूच्या धैर्याचा नसतो. त्याच्या पाठीशी कोण उभे आहे, हेही महत्त्वाचे असते. म्हणून अमेरिकेतील दोन लीगचा अनुभव आम्ही येथे मांडत आहोत.

नॅशनल फुटबॉल लीग

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा क्वार्टरबॅक कॉलिन केपर्निक २०१६ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून राहिला, नंतर गुडघा टेकू लागला. कृष्णवर्णीयांवरील पोलिसी अत्याचाराचा हा निषेध होता. काही खेळाडूंनी साथ दिली. पण मार्च २०१७ मध्ये तो करारमुक्त झाला, तेव्हा ३२ पैकी एकाही संघाने त्याला घेतले नाही. मालकांनी संगनमत केल्याची त्याची तक्रार फेब्रुवारी २०१९ मध्ये आपसात मिटली. अटी गुप्त राहिल्या. जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर, जून २०२० मध्ये आयुक्त रॉजर गुडेल यांनी खेळाडूंचे आधी ऐकले नाही ही चूक झाल्याचे मान्य केले. त्या निवेदनात केपर्निकचे नाव नव्हते.

महिलांची बास्केटबॉल लीग : डब्ल्यूएनबीए

जुलै २०१६ मध्ये निषेधाचे काळे टी-शर्ट घातल्याबद्दल या लीगने तीन संघांना आणि त्यांच्या खेळाडूंना दंड केला. त्यावर खेळाडूंनी पत्रकारांशी खेळाविषयी बोलणेच बंद केले. फक्त सामाजिक प्रश्नावर उत्तरे दिली. काही दिवसांतच दंड मागे घेतला गेला.

२०२० मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मारल्या गेलेल्या ब्रियोना टेलर यांचे नाव खेळाडूंच्या जर्सीवर आले. अटलांटा ड्रीम संघाच्या सहमालक आणि जॉर्जियाच्या सिनेटर केली लॉफ्लर यांनी लीगच्या 'ब्लॅक लाइव्हज मॅटर'ला असलेल्या पाठिंब्याला विरोध केला. ऑगस्टमध्ये त्यांच्याच संघासह इतर संघांतील खेळाडूंनी लॉफ्लर यांचे प्रतिस्पर्धी राफाएल वॉरनॉक यांना मत द्या, असे लिहिलेले टी-शर्ट घातले. जानेवारी २०२१ मध्ये वॉरनॉक जिंकले आणि जॉर्जियाचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. विजयामागे इतरही कारणे होती. पण पुढच्याच महिन्यात संघ विकला गेला आणि सामाजिक कार्यासाठी २०२० चा हंगाम सोडणारी खेळाडू रेनी माँटगोमेरी नव्या मालकांपैकी एक झाली.

आपल्यासाठी अर्थ

हा मार्ग आपल्याला नवा नाही. १९२० मध्ये चर्मकार समाजातील पळवणकर बंधूंपैकी विठ्ठल आणि शिवराम यांनी जातीमुळे होणाऱ्या अन्यायाविरुद्ध हिंदू क्रिकेट संघातून एकत्र माघार घेतली होती. १९२३ मध्ये विठ्ठल त्याच संघाचे कर्णधार झाले.

आज मात्र बीसीसीआयची मान्यता असलेली क्रिकेटपटूंची संघटना निवृत्त खेळाडूंची आहे. सध्या खेळणाऱ्यांच्या मागे तसे बळ नाही. जातीय अत्याचारावर नामवंत खेळाडू गप्प का, हे आपण जरूर विचारावे. पण जो एकटा बोलेल, त्याचा करार गेल्यावर त्याच्यासोबत कोण उभे राहील, हेही आपण स्वतःला विचारायला हवे. 'संघटित व्हा' हा बाबासाहेबांचा संदेश खेळाच्या मैदानालाही लागू आहे, असे आम्हाला वाटते.