इतिहासाचे प्राध्यापक, देशाचे वकील

विद्यार्थी मित्रांनो, कॉलेजात इतिहास घेणार असे म्हटले की घरातून पहिला प्रश्न येतो, "त्याने पोट भरेल काय?" पालकांची ही काळजी खोटी नाही. तरीही एका इतिहासकाराची हकीगत आपणांस सांगतो.

कावालम माधव पणिक्कर यांचा जन्म १८९५ सालचा, केरळातला. मद्रास व ऑक्सफर्ड येथे शिकून परतल्यावर त्यांनी इतिहास शिकवला तो अलिगढला. सर सय्यद अहमद खान यांनी उभारलेल्या तेथील कॉलेजचे १९२० मध्ये विद्यापीठ झाले, तोच हा काळ. पुढे 'हिंदुस्थान टाइम्स'चे संपादकपद, बिकानेरची दिवाणगिरी असे बरेच काही झाले. पण लेखणी सुटली नाही.

१९२९ मध्ये मलबार व पोर्तुगीज यांच्यावरील त्यांचा ग्रंथ निघाला. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला. त्यानंतर पोर्तुगीजांचा परवाना घेतल्यावाचून आपल्याच समुद्रात गलबत हाकारणे कठीण झाले. हजचे यात्रेकरूही त्यातून सुटले नाहीत. सामोरी राजाचे मुसलमान आरमारप्रमुख कुंजाली मरक्कार त्यांच्याशी पिढ्यानपिढ्या लढले. शेवटच्या कुंजालीवर मात्र खुद्द सामोरीच पोर्तुगीजांना मिळून चालून गेला आणि १६०० साली गोव्यात त्याचा शिरच्छेद झाला. कोकणात दर्यावर्दी घराणी कमी नाहीत, म्हणून हे जरा विस्ताराने लिहिले. समुद्र ज्याच्या हाती, त्याच्या हाती हिंदुस्थानची किल्ली, हे पणिक्करांनी १९४५ च्या हिंदी महासागरावरील पुस्तकात मांडले.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, ते चीनमध्ये आपले राजदूत झाले. पूर्वी ज्याला वकील म्हणत, तेच हे काम. कोरियात युद्ध चालू असता, १९५० च्या ऑक्टोबरातील दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी त्यांना बोलावून घेतले. अमेरिकन फौजा ३८ वे अक्षांश ओलांडून उत्तरेत शिरल्या तर चीन युद्धात उतरेल, असा तो निरोप होता. पणिक्करांनी तो दिल्लीस कळविला, दिल्लीने पुढे पोचविला. परंतु हा राजदूत चीनकडे झुकलेला आहे, असे समजून वॉशिंग्टनने तो मनावर घेतला नाही. त्याच महिन्यात चिनी सैन्याने यालू नदी ओलांडली. युद्ध १९५३ पर्यंत चालले आणि लाखो माणसे मेली.

पण त्याच ऑक्टोबरात चीनचे सैन्य तिबेटातही शिरले, आणि तेथे मात्र पणिक्करांचा अंदाज चुकला. सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० च्या पत्रात नेहरूंना चीनविषयी सावध केले. आपल्या राजदूताने चीनच्या बाजूने केलेल्या खुलाशांवरही त्यांनी बोट ठेवले. मला वाटते, युरोपने आशियावर केलेल्या जुलमाचा अभ्यास पणिक्करांच्या मनावर इतका ठसला होता की आशियातलाच एक देश दुसऱ्यावर चाल करून जातो, हे त्यांना वेळीच उमगले नाही. 'एशिया अँड वेस्टर्न डॉमिनन्स' हा त्यांचा गाजलेला ग्रंथ १९५३ चा. तो जरूर वाचा, पण ही गोष्ट ध्यानात ठेवून वाचा.

राज्य पुनर्रचना आयोगाच्या तीन सदस्यांपैकी ते एक होते. आयोगाने १९५५ मध्ये द्वैभाषिक मुंबई आणि वेगळा विदर्भ सुचविला, आणि त्यावर महाराष्ट्रात काय उसळले ते आपल्या आजोबांना ठाऊक होते. पुढे पणिक्कर फ्रान्समध्ये राजदूत होते. १९६१ मध्ये ते पुन्हा शिक्षणाकडे वळले; आधी जम्मू-काश्मीर व मग म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. म्हैसूरलाच डिसेंबर १९६३ मध्ये, त्या पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले.