'आपला माणूस'

४. 'आपला माणूस' : मूळ लेखकाने हा शब्द, निवाड्याला बसणारा आपल्या बाजूचा सभासद या अर्थी, जरा सैलच वापरला आहे. न्यायाधीशाशेजारी मालकांकडचा एक आणि कामगारांकडचा एक असे बिगरवकील सभासद बसायचे, मुदत संपली की त्यांची फेरनेमणूक, ही रीत ब्रिटनच्या रोजगार न्यायाधिकरणांची. आपल्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात न्यायाधिकरणाला दोन असेसर देता येत, तेही सल्ल्यापुरते. शेतमजुराला जवळचा कायदा होता १९४८चा, किमान वेतनाचा. त्याच्या समितीत मालक-मजूर समसमान असत, त्रयस्थ एकतृतीयांशाच्या आत, अध्यक्ष मात्र त्या त्रयस्थांतलाच! दराचा फेरविचार पाच वर्षांच्या आत व्हायचा, म्हणजे कोणाला पुन्हा घ्यायचे हा प्रश्न आलाच. हे कायदे यायच्या आधी, २३ मे १९४५ रोजी झरीत (तेव्हाचा उंबरगाव तालुका, जिल्हा ठाणे) जमलेल्या वारल्यांसाठी असली खुर्ची कुठेच नव्हती. वेठ बंद, रोज बारा आणे रोख, हे त्यांनी तिथेच ठरवले. त्याच वर्षी गवतकापणीला पाचशे रतलांमागे अडीच रुपयांची मागणी झाली. तोलणारा काटा कोणाचा, हा वाद आणखी निराळा.